डिसेंबरात काऊंटी रिचमंडकडे काय मागते, आणि मुळात का मागावं लागतं

सप्टेंबर संपत आला की आमच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट हमखास पडतो. नुकताच न्यू जर्सीहून किंवा थेट पुण्याहून व्हर्जिनिया राज्यातल्या फेअरफॅक्स काऊंटीत शिफ्ट झालेला कोणीतरी असतो, त्याला काऊंटीचं कार टॅक्सचं बिल आलेलं असतं, शेवटची तारीख ५ ऑक्टोबर, आणि खाली वैतागलेला मेसेज: गाडी माझी, घेताना टॅक्स भरला, रजिस्ट्रेशनचे पैसे भरले, आता दरवर्षी हे काय नवीन? मग जुने लोक हसतात, "वेलकम टू व्हर्जिनिया" वगैरे होतं, आणि त्यानंतर दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते काऊंटीला सांगा बंद करायला. दुसरी म्हणते काऊंटीच्या हातात काय आहे, हे सगळं रिचमंडहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून ठरतं. दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि त्यांचा उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा तर आमची काऊंटी दर डिसेंबरात एक यादी करते ती काय असते ते कळायला लागतं. तेच सांगतो, थोडं लांबेल.

आधी काऊंटी म्हणजे काय ते. आपल्याकडे जिल्हा म्हटलं की डोळ्यासमोर कलेक्टर येतो, सरकारने पाठवलेला अधिकारी. इथे तसं नाही. फेअरफॅक्स काऊंटी चालवतं निवडून आलेलं दहा जणांचं बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, नऊ जण आपापल्या भागातून आणि एक चेअरमन सगळ्या काऊंटीतून. जिल्हा परिषद आणि महापालिका एकत्र केली तर जे होईल साधारण ते. लोकसंख्या साडेअकरा लाखांच्या आसपास, शाळांमध्ये एक लाख ऐंशी हजारांच्या घरात पोरं, पोलीस, फायर ब्रिगेड, लायब्ररी, कचरा, पार्क, सगळं बघायचं. अमेरिकेतल्या काही राज्यांची लोकसंख्या याच्यापेक्षा कमी आहे. एवढं सगळं असून या बोर्डाला स्वतःच्या मर्जीने काय करता येतं असं विचाराल तर उत्तर आहे, राज्याने जेवढं लिहून दिलंय तेवढंच.

याला म्हणतात डिलन रूल. जॉन डिलन नावाचे आयोवा राज्यातले जज होते, त्यांनी १८६८ मध्ये निकाल दिला की शहरं-काऊंट्या ही राज्याची लेकरं आहेत, राज्याने स्पष्ट दिलेले अधिकार तेवढेच त्यांचे, आणि शंका आली की निकाल त्यांच्या विरुद्ध. त्या काळी रेल्वे कंपन्या आणि नगरपालिका मिळून जे गोंधळ घालायच्या ते बघता जजसाहेबांचा संशय अगदीच चुकीचा होता असं नाही. पण व्हर्जिनियाच्या कोर्टाने हा नियम १८९६ ला उचलला आणि तो आजही कडक पाळला जातो. काही राज्यांत उलट असतं, राज्याने मनाई केली नाही ना, मग करा, याला होम रूल म्हणतात. आमच्याकडे परवानगी आधी, काम नंतर.

कागदावर हे कोरडं वाटतं पण रोजच्या जगण्यात जिथे तिथे आडवं येतं. रस्त्याचंच बघा. घरासमोर खड्डा पडला तर इथला माणूस साहजिक काऊंटीच्या सुपरवायझरच्या ऑफिसला फोन करतो, आणि तिथून कळतं की रस्ता काऊंटीचा नाहीच, राज्याच्या ट्रान्सपोर्टेशन खात्याचा आहे. अगदी गल्लीतला, जिथे पोरं सायकल चालवतात तोसुद्धा. कारण १९३२ मध्ये, महामंदी चालू होती, काऊंट्यांकडे पैसे नव्हते, तेव्हा बर्ड रोड अॅक्ट आला आणि काऊंट्यांचे दुय्यम रस्ते राज्याने स्वतःकडे घेतले. आजही आर्लिंग्टन आणि हेनरिको या दोनच काऊंट्या आपले रस्ते स्वतः सांभाळतात. मुंबई-पुण्यात "हा रस्ता कोणाचा, पीडब्ल्यूडीचा का कॉर्पोरेशनचा" हा खेळ बघितलेल्यांना हे ऐकून घरी आल्यासारखं वाटेल. तेव्हा सोय म्हणून झालेली गोष्ट आता अशी बसलीय की वसाहतीतल्या रस्त्यावर स्पीड लिमिट २५ मैलांच्या खाली आणायची तर त्यासाठीही रिचमंडमधून कायदा पास करून घ्यायला लागला.

दुसरं उदाहरण त्याहून छोटं आहे, पाच सेंटचं. किराणा दुकानात पिशवी विसरली की पावतीवर प्लॅस्टिक पिशवीमागे ५ सेंट लागतात, तुम्ही बघितले असतील. हा टॅक्स काऊंटीला हवा होता पण लावता येत नव्हता, २०२० मध्ये जनरल असेंब्लीने, म्हणजे राज्याच्या विधिमंडळाने, कायदा करून "लावायचा असेल तर लावा" म्हटलं, मग फेअरफॅक्सने ठराव केला आणि १ जानेवारी २०२२ पासून तो सुरू झाला. त्या कायद्यात नुसती परवानगी नाही हं. टॅक्स पाचच सेंट, सहा नाही. किराणा, छोटी कन्व्हीनियन्स स्टोअर्स आणि औषधाची दुकानं एवढीच. पाचातला थोडा भाग दुकानदाराने ठेवायचा, किती ते राज्य सांगणार. आणि आलेला पैसा साफसफाई, प्रदूषण कमी करणं, लोकांना समजावणं, नाहीतर गरजू कुटुंबांना कापडी पिशव्या, यावरच खर्च करायचा. साडेअकरा लाखांची काऊंटी आणि तिला पाच सेंटचा हिशोब वरून लिहून मिळतो, मला याची गंमतही वाटते आणि रागही येतो.

तर आता यादीचं कळेल. दर वर्षी जानेवारीच्या दुसऱ्या बुधवारी रिचमंडला जनरल असेंब्लीचं सेशन सुरू होतं, हाऊस ऑफ डेलिगेट्सचे १०० आणि सेनेटचे ४०. सम वर्षी ६० दिवस, विषम वर्षी राज्यघटनेप्रमाणे ३० पण बहुतेक वेळा ते वाढवून ४५-४६ करतात. म्हणजे आमदार वर्षभर नसतातच तिथे, बाकीचे दहा महिने कोणी वकील, कोणी शिक्षक, कोणी डॉक्टर असं आपापलं काम करतात. त्या दीड-दोन महिन्यांत दोनेक हजार किंवा त्याहून जास्त बिलं येतात. त्या गर्दीत काऊंटीला जे हवंय ते आत शिरायला हवं आणि जे नकोय ते कोणाच्या लक्षात न येता पास व्हायला नको, यासाठी आधीच बसून ठरवतात. त्याला इथे लेजिस्लेटिव्ह प्रोग्राम म्हणतात, मी यादी म्हणतो.

यादी बनते अशी. उन्हाळ्यात काऊंटीची खाती आपापल्या अडचणी लिहून देतात, म्हणजे पोलीस, सोशल सर्व्हिसेस, टॅक्सवाले, झोनिंगवाले. अमुक कायद्यातल्या तमुक शब्दामुळे आमचं काम अडतं, तेवढा बदलून आणा. मग बोर्डाची एक लेजिस्लेटिव्ह कमिटी असते ती पानगळीच्या दिवसांत बसून ते चाळते, काऊंटीचे पगारी लॉबिस्ट, म्हणजे आमदारांकडे काऊंटीची बाजू मांडणारे लोक, सांगतात की यातलं काय पास होण्यासारखं आहे आणि काय मांडून नुसतं हसं होईल. हो, सरकारचे सरकारकडेच लॉबिस्ट असतात, मलाही पहिल्यांदा ऐकून विचित्र वाटलं होतं. मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकतात, डिसेंबरच्या सुरुवातीला बोर्ड मंजुरी देतं, आणि मग काऊंटीतून निवडून गेलेले डेलिगेट्स आणि सेनेटर यांच्यासोबत बोर्डाची बैठक होते. त्याच सुमारास गव्हर्नर बजेट मांडतात त्यामुळे अर्ध्या चर्चा "बजेटमध्ये आमच्यासाठी काय" यावर असतात. राज्यातल्या सगळ्या ९५ काऊंट्यांची मिळून एक संघटनाही आहे, तिची वेगळी यादी असते. त्यात एकीकडे फेअरफॅक्स आणि दुसरीकडे डोंगरातली हायलंड काऊंटी, जिथे एकूण लोक बावीसशेच्या आसपास, आमच्याकडे एका हायस्कूलात तेवढी मुलं असतात. दोघांनी एका यादीवर सह्या करायच्या म्हणजे किती मोघम भाषा लागत असेल विचार करा.

यादी उघडून बघितली तर जाडजूड दिसते पण वरचे विषय वर्षानुवर्षं तेच, शाळांचे पैसे, वाहतुकीचे पैसे, आणि "आमचे अधिकार काढून घेऊ नका".

शाळांचं जरा नीट सांगतो कारण काऊंटीच्या बजेटातला निम्म्याहून जास्त पैसा तिकडेच जातो. राज्य आधी ठरवतं की इतक्या मुलांना इतके शिक्षक, इतका स्टाफ लागतो, त्याचा खर्च अमुक. मग त्यातला किती वाटा काऊंटीचा हे एका आकड्यावरून ठरतं, लोकल कॉम्पोझिट इंडेक्स. त्यात ५० टक्के वजन तुमच्या भागातल्या घरा-जमिनींच्या किमतीला, ४० टक्के लोकांच्या उत्पन्नाला आणि १० टक्के दुकानांतल्या विक्रीला. आकडा जास्तीत जास्त ०.८ होऊ शकतो. फेअरफॅक्सचा ०.६५ च्या आसपास असतो, म्हणजे त्या हिशोबातल्या १०० डॉलरपैकी ६५ काऊंटी घालणार, ३५ राज्य. श्रीमंत भागाने जास्त द्यावं हे तत्त्व मला पटतं, त्यात अन्याय काही नाही.

पण गोम त्या १०० मध्येच आहे. राज्य म्हणतं १०० लागतात, प्रत्यक्षात लागतात त्याहून कितीतरी जास्त, आणि वरचे सगळे काऊंटीने घालायचे. हे काऊंटीवाले बरीच वर्षं सांगत होते पण रडगाणं म्हणून सोडून दिलं जायचं. २०२३ मध्ये विधिमंडळाचीच स्वतःची जी अभ्यास करणारी संस्था आहे, जेलार्क, तिने अहवाल दिला: २०२१ सालात राज्याच्या फॉर्म्युल्याप्रमाणे शाळांना साधारण १,०७० कोटी डॉलर लागायला हवे होते आणि खर्च झाले १,७३० कोटी. मधले ६६० कोटी कुठून आले तर मुख्यतः स्थानिक टॅक्समधून. शिवाय एका विद्यार्थ्यामागे व्हर्जिनियातल्या शाळांना देशाच्या सरासरीपेक्षा १४ टक्के कमी, म्हणजे वर्षाला साधारण १,९०० डॉलर कमी मिळतात. आणि त्यातली एक गोष्ट तर अशी की २००९ च्या मंदीत राज्याने शाळेतल्या सपोर्ट स्टाफसाठी, म्हणजे ऑफिसातली माणसं, देखभाल करणारे, टेक्निकल मदत करणारे वगैरे, किती पोस्टचे पैसे देणार यावर टोपण घातलं, मंदी गेली तरी टोपण बरीच वर्षं राहिलं. आता अहवाल हातात आल्यापासून काऊंट्यांच्या याद्यांत त्याचा दाखला असतो. तुमच्याच माणसांनी लिहिलंय, आम्ही नाही म्हणत, असा सूर.

वाहतुकीत मुख्य म्हणजे मेट्रो. ती वॉशिंग्टन डीसी, मेरीलँड आणि व्हर्जिनिया या तिघांची मिळून, आणि कितीतरी वर्षं तिला हक्काचा ठराविक पैसाच नव्हता, दर वर्षी तिघांकडे हात पसरायचे. २०१८ मध्ये तिघांनी मिळून वर्षाला ५० कोटी डॉलर द्यायचं ठरवलं, व्हर्जिनियाचा वाटा १५.४ कोटी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण त्यातला बराच पैसा उत्तर व्हर्जिनियाच्याच रस्त्यांसाठी बाजूला ठेवलेल्या प्रादेशिक फंडातून उचलला होता. म्हणजे उजव्या खिशातून डाव्या खिशात. तेव्हापासून यादीत दर वर्षी एक वाक्य असतं की मेट्रोला पैसे द्या आणि आमच्या फंडाला हात न लावता द्या.

आता तिसरा भाग, जो मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटतो. यादीतला मोठा हिस्सा काहीतरी मागणारा नसतोच, तो "नका करू" असा असतो. उदाहरण कार टॅक्सचंच घ्या, ज्याने मी सुरुवात केली.

हा टॅक्स काऊंटीचा आहे, दर १०० डॉलर किमतीला ४.५७ डॉलर. १९९७ च्या निवडणुकीत जिम गिलमोर नावाचे उमेदवार कार टॅक्स रद्द करतो एवढ्याच मुद्द्यावर दणक्यात गव्हर्नर झाले. पण टॅक्स काऊंटीचा आणि आश्वासन राज्याचं, मग रद्द कसा करणार? तर ठरलं की पहिल्या २०,००० डॉलर किमतीपर्यंतचा टॅक्स हळूहळू राज्य काऊंटीला भरून देईल आणि लोकांच्या बिलातून तेवढा कमी होईल. गाड्या वाढल्या, किमती वाढल्या, राज्याला ते झेपेना, मग २००४ मध्ये कायदा बदलून सांगितलं की २००६ पासून सगळ्या राज्याला मिळून वर्षाला ९५ कोटी डॉलर, बस्स, वर एक पैसा नाही. त्यात फेअरफॅक्सचा वाटा २१.१३ कोटी, ठरलेला, गाड्या कितीही होवोत.

आता हिशोब करा. २०,००० च्या गाडीवर टॅक्स होतो ९१४ डॉलर. २००६ ला राज्याचा पैसा साधारण दोन तृतीयांश भागाला पुरत होता, म्हणजे तुमच्या खिशातून गेले असते तीनशेच्या आसपास. त्याच ठरलेल्या पैशात आता जास्त आणि महाग गाड्या बसवायच्या म्हणून सूट पन्नास टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे ४५७. टॅक्सचा दर काऊंटीने वाढवला नाही, राज्याने "पैसे कापले" असंही म्हणता येत नाही, आणि तरी तुमचं बिल फुगलं. ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्या भांडतात ते इथे.

तरी दर निवडणुकीला कोणीतरी परत कार टॅक्स घालवायची भाषा करतं आणि मग काऊंटीच्या यादीत नम्र भाषेत येतं की स्थानिक उत्पन्न काढायचं असेल तर तेवढंच आणि वाढत जाणारं दुसरं काहीतरी द्या. मुंबईची जकात २०१७ ला जीएसटी आल्यावर गेली तेव्हा महापालिकेला नुकसानभरपाई द्यायची सोय राज्याच्या कायद्यातच करून ठेवली होती, तसंच काहीतरी. इथल्या लोकांना एकदा फटका बसलाय त्यामुळे दुसऱ्यांदा तोंडी आश्वासनावर विश्वास ठेवायची कोणाची तयारी नाही. मी स्वतः दर ऑक्टोबरला शिव्या घालत तो टॅक्स भरतो, पण या मुद्द्यावर काऊंटीच्या बाजूने आहे. तो काढला तर घरपट्टी वाढणार, दुसरं काय होणार.

"नका करू" मधलं आणखी एक म्हणजे कसिनो. टायसन्समध्ये, जिथे मॉल आणि ऑफिसांचे टॉवर आहेत तिथे, मेट्रो स्टेशनाच्या परिसरात कसिनो काढायला परवानगी देणारं बिल २०२५ मध्ये सेनेटमध्ये पासही झालं आणि मग हाऊसमध्ये अडकलं. काऊंटीने असला कसिनो मागितलेला नव्हता. इतर ठिकाणी स्थानिक लोकांनी हवा म्हणून मागितला आणि मग राज्याने दिला, इथे वरूनच येत होता. डिलन रूलची ही दुसरी बाजू, नुसतं अडवत नाहीत, तुमच्या दारात आणूनही ठेवू शकतात.

आणि एक शांत मुद्दा, पेपरात हेडलाईन होत नाही. एखादा माणूस मानसिक आजाराच्या तीव्र झटक्यात आहे, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल अशी भीती आहे, तर त्याला पोलीस ताब्यात घेऊन हॉस्पिटलला नेतात. बेड मिळेपर्यंत पोलीस त्याच्यासोबत बसून राहतो. २०१४ च्या कायद्याप्रमाणे आठ तासांत दुसरीकडे बेड नाही मिळाला तर राज्याच्या मनोरुग्णालयाने घ्यायलाच पाहिजे. ठीक, पण जुलै २०२१ मध्ये माणसं नाहीत म्हणून राज्याच्या आठपैकी पाच मोठ्यांच्या हॉस्पिटलांनी नवीन पेशंट घेणंच तात्पुरतं थांबवलं. कायदा राज्याचा, हॉस्पिटल राज्याचं, आणि इमर्जन्सीच्या कॉरिडॉरमध्ये खुर्चीवर रात्र काढणारा पोलीस काऊंटीच्या पगारावर. छोट्या काऊंटीत रात्रपाळीला दोन-तीनच डेप्युटी, म्हणजे तिथले पोलीस, असतात, त्यातला एक असा अडकला की काय उरलं. राज्याने काम सांगायचं आणि पैसे द्यायचे नाहीत याला इथे अनफंडेड मँडेट म्हणतात आणि काऊंटीच्या माणसाशी दोन मिनिटं बोललात तरी हा शब्द तीनदा येतो.

मग सेशनमध्ये या यादीचं होतं काय. काऊंटी स्वतः बिल मांडू शकत नाही, एखादा डेलिगेट किंवा सेनेटर शोधायला लागतो जो ते आपल्या नावाने मांडेल, त्याला व्हर्जिनियात पेट्रन म्हणतात. मग ते बिल जातं सबकमिटीत, भल्या सकाळी, चार-पाच लोकांच्या पुढे, आणि बहुतेक बिलं तिथेच मरतात, मोठं भाषण नाही काही नाही, कोणीतरी म्हणतं टेबलवर ठेवा, मतदान होतं, पुढचं बिल. सेशनच्या साधारण मध्यावर क्रॉसओव्हर असतो, म्हणजे त्या दिवसापर्यंत आपापल्या सभागृहात पास झालेलं तेवढंच पलीकडे जाणार. काऊंटीची कमिटी या काळात दर आठवड्याला बसून नव्या बिलांवर सपोर्ट, ऑपोज, नुसतं लक्ष ठेवा असे शिक्के मारते आणि लॉबिस्ट रिचमंडच्या कॉरिडॉरमध्ये धावत असतात.

दोन्हीकडे पास झालं तरी गव्हर्नर उरतातच. ग्रामीण काऊंट्यांची एक साधी मागणी होती, शाळेच्या इमारती पडायला आल्यात, आमच्या लोकांना मतदान करून एक टक्का जास्त सेल्स टॅक्स लावू द्या, फक्त बांधकामासाठी. २०१९ मध्ये हॅलिफॅक्स काऊंटीला हे मिळालं आणि तिथल्या लोकांनी मतदानाने मंजूरही केलं. मग आणखी काही काऊंट्यांनी रांग लावली, आणि कायद्यात चक्क एकेका काऊंटीचं नाव लिहिलं गेलं. सगळ्यांना सरसकट द्या असं बिल २०२४ मध्ये पास झालं, तेव्हाचे गव्हर्नर यंगकिन यांनी व्हेटो केला. २०२५ ला परत पास, परत व्हेटो. लोकांना विचारायची परवानगी मागत होते हो, टॅक्सची नाही!

आता हे सगळं वाचून काऊंटी बिचारी आणि रिचमंड खलनायक असं वाटेल, तर तसंही नाही. "आमचे हात बांधलेत" हे वाक्य सुपरवायझर लोकांना सोयीचं असतं, आणि मील्स टॅक्सची गोष्ट त्यासाठी बघण्यासारखी आहे. व्हर्जिनियात शहरांना रेस्टॉरंटच्या जेवणावर टॅक्स लावायला कोणाला विचारायला लागायचं नाही, काऊंटीला मात्र लोकांचं मतदान घ्यायला लागायचं. त्यामुळे रस्ता ओलांडून फेअरफॅक्स सिटीत, जे काऊंटीपासून वेगळं शहर आहे, जेवलात तर टॅक्स, अलीकडे काऊंटीत जेवलात तर नाही. काऊंटीने १९९२ ला लोकांना विचारलं, लोक नाही म्हणाले. २०१६ ला परत विचारलं, लोक परत नाही म्हणाले. काऊंटी दर वर्षी यादीत लिहीत राहिली की आम्हाला शहरांसारखी वागणूक द्या, आणि २०२० मध्ये ते मिळालं, मतदानाशिवाय सहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे मागणी पूर्ण झाली, हात सुटले. मग? मग कोविड आला, रेस्टॉरंटं बंद पडायला लागली, ते एक कारण खरंच होतं, पण त्यानंतरही बोर्डाने वाट बघितली आणि ठराव केला थेट मे २०२५ मध्ये, चार टक्के, १ जानेवारी २०२६ पासून लागू. आता डोसा खाल्ला की सहा टक्के सेल्स टॅक्स आणि चार हे. परवानगी मिळाल्यावरही पाच वर्षं ती खिशात ठेवली कारण दोनदा नाही म्हटलेल्या लोकांपुढे जायला धीर लागतो. लोकांनी दोनदा नाकारलेली गोष्ट वरून परवानगी आणून लावणं बरोबर का, यावर आमच्या घरातच एकमत नाही, बायको म्हणते घरपट्टीपेक्षा बरं, बाहेरून येऊन जेवणारेही भरतात. मला अजून खटकतं.

नवीन माणसाला मी एवढंच सांगतो की तुम्हाला काही बदलून हवं असेल, शाळेजवळचा क्रॉसिंगचा नियम असो की झाडं तोडण्याचा, तर फेब्रुवारीत इमेल पाठवून फार उपयोग नसतो, तोपर्यंत बिलं मांडायची मुदत संपलेली असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या सुपरवायझरच्या ऑफिसला लिहा, तेव्हा यादी कच्ची असते. ते हुकलं तर सेशनच्या आधी जानेवारीत एक सुनावणी असते, काऊंटीतले सगळे डेलिगेट्स आणि सेनेटर समोर बसतात आणि लोक एकेक करून माईकवर येऊन बोलतात. व्होटिंगचा अधिकार मिळाला नसेल तरी बोलता येतं, एच-वन वर असाल तरी, कोणी पासपोर्ट विचारत नाही. मी एकदा गेलो होतो, सकाळी, कॉफीचा कप घेऊन मागे बसलो. एक आजोबा केअरगिव्हरच्या पगाराबद्दल बोलले, हायस्कूलच्या दोन मुली कागदावरून भरभर वाचून गेल्या, एकाने बंदुकांचा विषय काढला. आणि त्याच माईकवर काऊंटीचे चेअरमनही आले, हातात डिसेंबरची ती यादी, आणि बाकीच्यांसारखंच उभं राहून समोरच्यांना काय हवंय ते सांगून गेले.